हजेरीला वाचून दाखवलेला रिपोर्ट

अजूनही कुणी माझ्या टेबलाशी येऊन "मॅडम, टेस्टची लिस्ट दाखवा ना, नुसती बघायचीय" म्हणालं, की माझं डोकं फिरतं. समोरच्याला कळत नाही ही बाई एवढी का भडकली. त्याला कळायचं कारणही नाही.

मी तेव्हा उरणजवळ, द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात एचआरला होते. राहायला नेरूळ. यार्डात एकदा फोर्कलिफ्ट मागे घेताना एका कामगाराच्या पायाचा चुरा झाला होता आणि चालवणारा प्यायलेला निघाला होता. त्यानंतर कंपनीने तपासण्या सुरू केल्या. रोज गेटवर यंत्रात फुंकायचं, आणि महिन्यातून एकदा कॉम्प्युटर ज्यांची नावं काढेल त्यांनी लघवीचा नमुना द्यायचा. मला हे पटलेलंच होतं. त्या माणसाला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना मी तिथे उभी होते.

नियमावलीही मीच लिहिली. त्यात मी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की पहिली चाचणी ही फक्त शंका असते. नमुना पुढे मोठ्या लॅबला जाईल, कंपनीचे डॉक्टर त्या माणसाशी बोलतील, आणि तोवर ही गोष्ट डॉक्टर, एचआर आणि तो माणूस यांच्यापलीकडे जाणार नाही. खाली आमच्या यार्ड मॅनेजरची सही होती. ऑफिसवाल्यांचीही नावं यादीत घाला, असं मी सुचवलं होतं. त्यावर ते हसले. "आपण काय मशीन चालवतो का?" शुक्रवारी संध्याकाळी बेलापूरच्या हॉटेलात बसून स्वतः गाडी चालवत घरी जाणारा माणूस हे म्हणत होता. मी तो मुद्दा सोडून दिला. त्या नोकरीत मी असे बरेच मुद्दे सोडून दिले.

आमच्याकडे एक ऑपरेटर होते. कंटेनर उचलून थरावर थर रचणारं अजस्र मशीन ते चालवायचे. पन्नाशीला आलेले, मोरा बंदराजवळच्या गावातले. इतकं जड धूड ते असं टेकवायचे की आवाज होत नसे. त्यांचे वडील दारूपायी गेलेले, त्यामुळे ते दारूला कधी शिवले नव्हते. त्यांची बायको गावच्या महिला मंडळाची पुढारी होती. तिने बायकांना घेऊन गावातला दारूचा गुत्ता बंद पाडला होता. हे सगळ्या यार्डाला ठाऊक होतं, कारण अर्धं यार्ड त्याच गावचं.

त्या सकाळी साडेआठला लॅबची मेल आली. आदल्या दिवशीच्या नमुन्यांत एक पॉझिटिव्ह. अफूच्या वर्गातलं काहीतरी. नाव त्यांचं. मी मेल दोनदा वाचली, कागद छापला आणि त्यांना बोलवायला फोन उचलला, तेवढ्यात मॅनेजर आत आले.

"रिपोर्ट आला ना? द्या इकडे."

"सर, आधी डॉक्टर त्यांच्याशी बोलतील. नियमात..."

"नियम मला शिकवू नका. मशीनवर कोण बसणार ते मी ठरवतो. उद्या कोण मेलं तर जेलमध्ये तुम्ही जाणार?"

उत्तर सोपं होतं. अमुक मशीनचा ऑपरेटर आज बदला, कारण विचारू नका, एवढंच सांगायचं. हे वाक्य मला सुचलं, पण दुपारी. त्या क्षणी मी घाबरले आणि कागद त्यांच्या हातात दिला. वाटलं, बघतील आणि परत देतील.

ते कागद घेऊन थेट सेफ्टी टॉकला गेले. रोज नऊ वाजता शेडमध्ये शिफ्टची हजेरी व्हायची आणि सुरक्षेवर दोन शब्द बोलले जायचे. मी मागोमाग धावले. शेडमध्ये ऐंशीएक माणसं उभी होती.

"आपल्यातच असे लोक आहेत," मॅनेजर कागद हलवत म्हणाले. "वरून साधे दिसतात, आणि नशा करून मशीनवर बसतात." आणि त्यांनी नाव वाचलं. पुढे म्हणाले, "ड्रग्ज पॉझिटिव्ह."

त्या माणसाला त्याचा स्वतःचा रिपोर्ट असा कळला. ऐंशी माणसांच्या बरोबर. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि विचारलं, "साहेब, माझाच नाव हाय ना? परत बघा जरा." मागून कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझरने टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो काढलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि "डिलीट करा" म्हणेपर्यंत तो शिफ्टच्या ग्रुपवर गेलाही होता. दोन वॉचमन त्यांना दोन्ही बाजूंनी धरून गेटकडे घेऊन निघाले. चोराला नेतात तसे. पळून जाणार होते की काय ते?

गेटवर मी त्यांना गाठलं. "दादा, कुठलं औषध चालू आहे का तुमचं?"

"खोकल्याचा हाय ना. पंधरा दिस झाले, झोप नाय. उरनच्या डाक्टरनी बाटली दिली. त्या लॅबवाल्याला सांगितला मी. तो बोलला, बरा बरा, सही करा."

मी ऑफिसात येऊन त्यांचा फॉर्म काढला. 'चालू औषधे' हा रकाना कोरा होता. त्या दिवशीच्या सगळ्याच फॉर्मवर कोरा होता. लॅबच्या माणसाला रांग संपवायची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन बंद. मी रिक्षा करून गावात गेले. घर विचारावं लागलं नाही. नाक्यावर बसलेल्या माणसांनी मी काही बोलायच्या आतच बोट दाखवलं आणि एकमेकांकडे बघून हसले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. आत या म्हणाली नाही.

"वहिनी, मी कंपनीतून आलेय. मला डॉक्टरची चिठ्ठी हवीय, म्हणजे..."

"आमी गुत्ता बंद केला ना, त्या गुत्तेवाल्याचा भाऊ काल माझ्या दारान रिकामी बाटली ठेवून गेला," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बोलला, आता घरचा गुत्ता बंद कर. मंडलाच्या दोघी सकालपासून माझ्याशी बोलल्या नाय. तुमी शिकलेली मानसा. तुमाला कागद सांबालता येत नाय?"

दादा आतल्या खोलीत होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, पण बाहेर आले नाहीत. तिने चिठ्ठी आणि अर्धी संपलेली बाटली एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

आमच्या डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि कपाळाला हात लावला. "यात कोडीन आहे, अफूच्याच वर्गातलं. हे घेऊन मशीनवर बसू नका, एवढं सांगायचं आणि आठवडाभर रजा द्यायची. पाच मिनिटांचं काम होतं." नऊ दिवसांनी मोठ्या लॅबचा निकाल आला. जे सापडलं ते औषधातलंच होतं, औषधाच्या डोसाइतकंच. डॉक्टरांनी 'निगेटिव्ह' लिहून सही केली.

मी तो कागद घेऊन मॅनेजरकडे गेले. "सर, हे उद्या सेफ्टी टॉकला वाचून दाखवा."

"निगेटिव्हची अनाउन्समेंट कोण करतं?" ते मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले. "कामावर यायला सांगा. मॅटर क्लोज."

पत्राचा मजकूरही त्यांनीच सांगितला. 'आपणास पूर्ववत कामावर रुजू होण्याची परवानगी देण्यात येत आहे.' परवानगी! कुणी कुणाला परवानगी द्यायची? मी ते टाइप केलं, छापलं, फाडलं. मग दुसरं लिहिलं. त्यात चूक कंपनीची आहे असं लिहिलं, आणि त्याखाली सही माझी केली, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं.

ते रुजू झाले त्या सकाळी मी शेडमध्ये गेले आणि मॅनेजर बोलायच्या आत पुढे झाले. "या दादांची टेस्ट निगेटिव्ह आहे. ते डॉक्टरने दिलेलं खोकल्याचं औषध घेत होते आणि त्यांनी ते आधीच सांगितलं होतं. त्या दिवशी तो कागद इथे वाचायलाच नको होता. तो माझ्या हातून गेला. चूक माझी आणि कंपनीची आहे, त्यांची नाही. ज्यांनी फोटो पुढे पाठवला त्यांनी हेही पाठवा."

टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. काहींनी माना खाली घातल्या, सुपरवायझर लांब कुठेतरी बघत राहिला. मॅनेजरचा चेहरा लालबुंद झाला होता. तासाभरात शिस्तभंगाचा मेमो माझ्या टेबलावर आला.

मला वाटलं होतं, ते दादा निदान एकदा माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलंच नाही, ते सरळ मशीनकडे गेले. दोन दिवसांनी युनियनमार्फत त्यांची लेखी तक्रार आली. त्यात मॅनेजर होते, सुपरवायझर होता, लॅब होती, आणि माझंही नाव होतं. वाचून मला आधी रागच आला. मी एवढं केलं आणि मलाच? संध्याकाळी घरी येऊन भाजी चिरताना तो राग हळूहळू माझ्यावरच उलटला. मी काय केलं होतं? मी सांडलेलं पुसलं होतं. सांडलं माझ्याच हातून.

चौकशीला मुख्य ऑफिसातून दोन माणसं आली. मॅनेजरांनी सांगितलं की कागद मी स्वतःहून आणून दिला. मी सांगितलं की त्यांनी मागितला आणि मी नियम माहीत असून दिला. तक्रारीतला प्रत्येक शब्द खरा आहे, असं लिहून सही केली. निकाल असा लागला: मॅनेजरांना गोपनीयतेचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, सुपरवायझरला समज, मला सक्त ताकीद. लॅब बदलली. दादांना लेखी माफी मिळाली, इंग्रजीत. ती त्यांना कुणी वाचून दाखवली असेल, कोण जाणे.

त्यांच्या बायकोने मंडळाचं काम सोडलं, हे मला यार्डातल्या एका बाईकडून कळलं. गावातला गुत्ता पुन्हा सुरू झाला, हेही.

मी चार महिन्यांनी ती नोकरी सोडली. आता दुसऱ्या कंपनीत तेच काम करते. रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे जातात, ऑफिसवाल्यांची नावंही यादीत असतात, आणि या दोन गोष्टींसाठी मी इथे इतकी भांडलेय की माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत. परवाच एक मोठे साहेब दारात उभं राहून म्हणाले, "फक्त नाव सांगा, कुणाला कळणार नाही."

मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.