मेजावर पडलेला निकाल

देवावर रुसण्याचा अधिकार भक्ताला असतो की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवसांत मी रुसलो होतो, आणि माणसांवर तर त्याहून अधिक संतापलो होतो.

सोलापुरात मी शाळामास्तर. माझ्या पत्नीला नळावर पाणी भरताना कुत्रे चावले. शेजाऱ्यांनी ते मारले. इस्पितळात जखम जाळून पट्टी बांधली आणि कुत्र्याचे डोके तपासणीला मुंबईस पाठवले. "पिसाळलेलं निघालं तरच लस. निकाल आला की कळवू," असे सांगून आम्हाला घरी धाडले. चौथ्या दिवशी विचारायला गेलो, तर कारकुनाने मान वर न करता म्हटले, "कळवू म्हटलं ना!" मी परतलो. सिद्धेश्वराच्या देवळात बसलो, पण तोंडातून सिद्धरामाचे नाव निघेना.

बाराव्या दिवशी दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. इस्पितळात झाडलोट करणारी, मूळची मोहोळकडची.

"कुत्रं चावल्याली बाई हितंच ऱ्हाती का? मास्तर, तुमचा कागुद आलाय की! आठवडा झाला, मेजावर पडलाय. पिसाळल्यालंच हुतं म्हनं. म्या कारकुनाला इचारलं, बाईला कळवलं का? तर म्हनतो, येतील त्येंचे ते."

पत्ता तिला ठाऊक नव्हता. मास्तरची बायको, एवढ्या खुणेवर ती दोन दिवस गल्लोगल्ली विचारत फिरली होती.

पत्नीला घेऊन तसाच धावलो. नोंदवहीत माझे नाव, पेठ, सारे स्वच्छ लिहिलेले! मी आयुष्यात प्रथमच ओरडलो.

कारकून म्हणाला, "किती जणांमागे धावायचं आम्ही?"

"जिला अक्षर वाचता येत नाही, ती धावली!"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. कागद वाचताच त्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी लस सुरू झाली. चौदा दिवस पोटात सुया. पुढे कित्येक महिने पत्नी पाणी पिऊ लागली की मी चोरून पाहत असे, घोट घशाखाली उतरतो ना. उतरत राहिला.

म्हातारीच्या पाया पडायला गेलो, तर ती मागे सरली. "माजं काय हाय त्यात? सिद्धरामानं चालवलं, चालले."

माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असे मी मागतही नाही. ज्याच्या हाती कागद, त्याने तो पोचवलाच पाहिजे. पण मी रुसून बसलो होतो, तेव्हा माझ्या नकळत कुणीतरी माझे घर शोधत फिरत होते. हे आठवले की हात आपोआप जुळतात आणि मागायचे काही उरत नाही.