रेमीच्या पायात गोलरक्षकाची धार

गेल्या मार्चमध्ये आमच्या बर्चबँकमध्ये बातमी होती की ओरेस्ट बिलिक आपली मुलगी रेमी गोतियेला देतोय. नाहीतर हा म्हातारा रेमीच्या बाजूने अख्ख्या गावाशी एकटा कशाला भांडेल? बातमी सकाळी नऊला को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावरून सुटली, आणि साडेदहापर्यंत चर्चच्या तळघरात लग्नाची सँडविच कुणी किती करायची याची वाटणीसुद्धा झाली. तिच्यात खोट एकच होती. ओरेस्टला मुलगी नाही. एक म्हातारी कुत्री आहे, पण रेमीला कुत्र्यांच्या केसांनी शिंका येतात.

ही आवई मी उठवली, असं त्या टेबलावरचा वर्न सांगत फिरतो. साफ खोटं. मी फक्त एवढंच विचारलं होतं, "हा जावई-बिवई करून घेतोय की काय त्याला?" पुढचं सगळं गावाने केलं.

ओरेस्ट माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या अंगणात एकच कुंपण, तेही हिवाळ्यात बर्फाखाली जातं, म्हणजे चार महिने आम्ही एकाच घरात राहिल्यासारखे. एकोणतीस वर्षं तो आमच्या आइस हॉकीच्या बर्फाच्या मैदानावर स्केट्सना धार लावतोय. खेळाडूंच्या खोलीशेजारी त्याची खोली आहे, खोली कसली, कपाटच. त्याला एक अर्धी खिडकी. खिडकीतून स्केट्स आत जातात, धारेचा फिरता दगड किंचाळतो, आणि ओरेस्ट प्रत्येक पात्याच्या दोन्ही कडांवरून डाव्या अंगठ्याचं नख ओढून बघतो. नखाची साल निघाली की धार बरोबर. त्याचं ते नख वर्षभर किसलेल्या गाजरासारखं दिसतं. मग तो स्केट्स परत देतो आणि म्हणतो, "पळ." दिवसभरात तो याहून फारसं काही बोलत नाही. सामनासुद्धा बघत नाही. खोलीत बसून ऐकतो, आणि पात्यांच्या आवाजावरून कोण पळतंय ते सांगतो.

रेमी गोतिये सव्वीस वर्षांचा. दिवसा धान्याच्या कोठारावर काम करतो, संध्याकाळी आमच्या मिलर्स संघात खेळतो. कागदावर बचावपटू. पण पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्या काठीला लागला की तो मागे थांबेल तर शपथ. तीन जणांना चुकवून थेट समोरच्या गोलपर्यंत. त्या मोसमात त्याने एकोणीस गोल केले, आमच्या कुठल्याही आघाडीच्या गड्यापेक्षा जास्त. गोल झाला की आम्ही म्हणायचो, "मिलर्सनी गोल केला." नाही झाला आणि उलट आमच्यावर चढला, की म्हणायचो, "पाहुणा कुठे गेला?"

पाहुणा हे नाव मात्र मीच ठेवलं, ते नाकारत नाही. आपल्याच गोलपाशी तो पाहुण्यासारखा येतो, म्हणून. आठवड्याभरात अख्खा स्टँड एका सुरात ओरडायला लागला, "पाहुणे, घरी या!" मला काय अभिमान!

आता खरं सांगायचं तर फेब्रुवारीपासून आमचं सगळंच बिनसलं होतं. गोलरक्षकाच्या पायांमधून ट्रॅक्टर गेला असता. आघाडीचे तिघे रिकाम्या गोठ्यातसुद्धा पक घालू शकत नव्हते. पण जागेवर उभा राहून चुकणारा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पुढे गेलेला माणूस जीव तोडून परत पळताना मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून दोष त्याचा.

अंतिम फेरी डनमोर गावाशी होती, सातांतले चार सामने जिंकायचे. दोघांनी दोन-दोन जिंकलेले, पाचवा आमच्या मैदानावर. तीन-तीन अशी बरोबरी, आणि जादा वेळ खेळायचा होता, पहिला गोल करील तो जिंकणार. त्याआधीच्या मध्यांतरात मी दोन कॉफ्या घेऊन ओरेस्टच्या खिडकीशी गेले. एक त्याला, एक मला, आणि तोंड फुकट.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोलरक्षकाला आडवं घसरायचं असतं, म्हणून त्याच्या पात्याची धार बोथट ठेवतात. त्यासाठी दगडाचं तोंडच हिऱ्याने घासून सपाट करावं लागतं. मग दुसऱ्या कुणाच्या स्केट्स घेण्याआधी तेच तोंड पुन्हा गोल घासायचं. मिनिटभराचं काम. ओरेस्टने नुकत्याच गोलरक्षकाच्या स्केट्स दिल्या होत्या, आणि खिडकीतून रेमीच्या स्केट्स आत आल्या.

मी म्हटलं, "ओरेस्ट, पाहुण्याला अशी धार लाव की आपल्या बाजूच्या निळ्या रेषेपुढे स्केट्स चालूच नयेत."

ओरेस्ट हसला. बावीस वर्षांच्या शेजारात मी त्याला तीनदा हसताना पाहिलं असेल. मला इतकं स्फुरण चढलं की लगेच दुसरा विनोद सांगितला, त्यालाही हसला. हसता हसता त्याने रेमीची दोन्ही पाती दगडावरून फिरवली. तेवढ्यात भोंगा वाजला. नख न लावताच त्याने स्केट्स बाहेर दिल्या. "पळ."

दुसऱ्याच मिनिटाला रेमीने पक घेतला आणि सुटला. फटका गोलच्या खांबाला लागून परत आला, डनमोरवाल्याने उचलला. रेमी गर्रकन वळला, आणि साबणाच्या पाण्यावर पाय पडावा तसे त्याचे दोन्ही पाय अंगाखालून निघून गेले. तो पोटावर, डनमोरचा माणूस एकटा पुढे, आणि आमच्या गोलात पक.

"पाहुणे, घरी या!" सगळ्यात वरचा आवाज माझा होता. रेडिओवरही ओळखू आला म्हणे.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टेबलावर रेमीची सालटी काढणं चालू असताना ओरेस्ट कधी नव्हे तो आला आणि म्हणाला, "त्याची चूक नव्हती."

वर्न म्हणाला, "मग कुणाची? बर्फाची?"

"त्याची नव्हती," एवढंच बोलून ओरेस्ट गेला. पुढच्या दोन्ही दिवशी आला, तेच बोलून गेला. लग्नाची बातमी सुटली ती यातून. दरम्यान कोच डार्सीने जाहीर केलं की शनिवारच्या सहाव्या सामन्यात रेमी खेळणार नाही. कोट घालून स्टँडमध्ये बसेल.

मी कोबीच्या पानातल्या भाताच्या गुंडाळ्या केल्या आणि ओरेस्टकडे गेले. शेजारधर्म आणि चौकशी, दोन्ही एकाच भांड्यात. तो गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसला होता.

"मुलगी कुठाय?" मी विचारलं. "नवरी बघायला आले."

तो हसला नाही. म्हणाला, "ग्वेन, दगड सपाट होता."

"कुठला दगड?"

"गोलरक्षकानंतर मी तो परत गोल केलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीच्या स्केट्स घेतल्या, नख लावलं, साल निघेना. तेव्हा कळलं. त्या पोराला मी गोलरक्षकाची धार देऊन पळ म्हणालो."

मी भांडं खाली ठेवलं. मध्यांतरात खिडकीशी कोण उभं होतं, हे त्याने सांगितलं नाही. मी वाट बघितली. त्याने सांगितलंच नाही.

"आणखी कुणाला बोललास?"

"तुलाच."

"मग इथेच मिटलं," मी म्हटलं. मी! जिच्या कानात सांगणं म्हणजे भोंग्यात सांगणं, ती मी म्हणाले, "उगीच कशाला उकरायचं? एकोणतीस वर्षांचं नाव आहे तुझं. आणि तो तसाही फार पुढे जातो."

ओरेस्टने माझ्याकडे बघितलं आणि कुत्रीला एक गुंडाळी दिली.

गुरुवारी सरावाआधी तो ॲप्रन घालूनच खेळाडूंच्या खोलीत शिरला. मी दाराबाहेर होते. योगायोगाने म्हणणार होते, पण कोण ऐकणार? आत त्याने सगळं सांगितलं, दगड, हिरा, नख, सगळं. माझं नाव तेवढं नाही. "बोलत बसलो होतो, लक्ष नव्हतं," एवढंच.

मग रेमीचा आवाज आला. "मला माहीत होतं. पहिल्याच वळणाला पाय सुटला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"दोन महिने शिव्या खातोय, ओरेस्ट. आणखी चार पडल्या तर मला काय फरक पडतो? तुम्हाला सवय नाही."

आत जाऊन माझा वाटा सांगावा असं वाटलं. पाय दारापर्यंत गेले, आणि तिथून सरळ गाडीकडे.

डार्सीने रेमीला परत घेतलं. शनिवारी डनमोरला तो खेळला, दोन गोल केले, आणि आम्ही चार-तीनने हरलो. मोसम संपला.

सोमवारी को-ऑपमध्ये ओरेस्ट आला तेव्हा टेबल उठून उभं राहायचंच बाकी होतं. बातमी शुक्रवारीच पसरली होती, या वेळी माझ्यामुळे नाही. वर्नने स्वतःची खुर्ची दिली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी कप भरला.

"अरे, एकोणतीस वर्षांत एकदा हात चुकणारच!" वर्न म्हणाला. "आम्हीसुद्धा ट्रॅक्टरमध्ये चुकीचं तेल घालतो." मग त्याच दमात पुढे, "पण खरा घोळ त्या पाहुण्याचाच बरं का. इतका पुढे गेलाच नसता, तर पडून काय बिघडलं असतं? आणि शनिवारी चौथा गोल झाला तेव्हा कुठे होता?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली, सवयीने. शनिवारी चौथा गोल झाला तेव्हा रेमी आपल्या गोलसमोर उभा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी डोलली.

ओरेस्टने कपाला हात लावला नव्हता. वाफ संपत आली होती. ती खिडकी, ते दोन विनोद, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच.

"पी ना, ओरेस्ट," मी म्हटलं. "सगळ्यांनी माफ केलंय तुला."

"चूक मी केली आणि कॉफी मलाच," ओरेस्ट म्हणाला. "त्याने काय केलं, पुढे गेला? तुमचे आघाडीचे तिघे गेले असते तर त्याला जावं लागलं नसतं. त्याला इथे बोलवा, खुर्ची द्या, मग पितो."