जाळायला दिलेला पासपोर्ट

नोकरीत मी खुनांचे आणि दरोड्यांचे पुष्कळ तपास केले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून जातात. हरवलेल्या पासपोर्टची एक साधी तक्रार मात्र मनातून जात नाही.

तेव्हा मी धुळे शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपत असताना एक उंच, सडपातळ आफ्रिकी तरुण ठाणे अंमलदारासमोर येऊन उभा राहिला. तो इथे औषधनिर्माणशास्त्र शिकत होता आणि हिंदी चांगलं बोलायचा. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्याची माणसं अजून तिथे आहेत. पूर्व आफ्रिकेतला समुद्रकाठचा देश, एवढं पुरे. दोंडाईचाहून एसटीने येताना कोणीतरी बॅग कापून पासपोर्ट पळवला, अशी त्याची तक्रार होती.

परदेशी माणसाचा पासपोर्ट गेला की अधीक्षक कार्यालयाला कळवावं लागतं. ते केलं. पाठोपाठ बसस्थानकाजवळच्या एका खबऱ्याचा फोन आला. "साहेब, चोरी-बिरी काही नाही. पोरानं पासपोर्ट विकलाय. मुंबईचं गिऱ्हाईक होतं म्हणतात." ही कुणकुण वरपर्यंत पोहोचली आणि पासपोर्टची टोळी आहे का, अशी विचारणा सुरू झाली.

मी आमच्या हवालदाराला एसटी डेपोत पाठवलं. तो शिंदखेडा तालुक्यातला, अहिराणी बोलणारा, माणसं ओळखण्यात तरबेज. परत आला तो मान हलवतच. "साहेब, हाऊ पोऱ्या त्या गाडीमां बठनाच नई. एक बी कंडक्टरले याद नई. असा मानूस एसटीमां बठना तर सारा रस्ताले समजी जातं."

मुलाला बोलावून घेतलं. खरंच ज्याची वस्तू चोरीला जाते तो घटना सांगताना अडखळतो, मागे-पुढे करतो, मध्येच काहीतरी आठवून थांबतो. हा प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच शब्दांत सांगत होता. मी म्हणालो, "हे तू पाठ केलंयस. खोटी तक्रार देणं गुन्हा आहे. त्यात पासपोर्ट विकला असशील तर शिक्षण राहील बाजूला, तुरुंगात जाशील."

"विकला नाही, सर."

"मग कुठे आहे?"

दमदाटीने हा बोलणार नाही, हे मला कळून चुकलं. बाहेर हवालदार हळूच म्हणाला, "खोटं बोली ऱ्हायना, साहेब. पन चोर नई शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बुरख्यातली एक वयस्क बाई ठाण्यात आली. मुलगा जिच्या माडीवर भाड्याने राहत होता, ती ही घरमालकीण. तिचा नवरा यंत्रमागावर कामाला होता. गल्लीत सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत; आम्हीही तेच म्हणू लागलो. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"गल्लीत बोलतात पोरानं हा विकला. झूठ आहे, साहेब. त्यानं माझ्याकडं दिला होता, चुलीत घाला म्हणाला."

"मग घातला का नाही?"

"आत त्याचा फोटो आहे. जित्या पोराच्या फोटोला आग कशी लावू?"

मी मुलाला आत बोलावलं. पासपोर्ट पाहून तो रागावला नाही. खालाकडे पाहून एवढंच म्हणाला, "खाला, आता मला पाठवतील." मग त्याने सगळं सांगितलं.

त्याच्या गावात तूर पिकते. आपण खातो त्या डाळीत तिथली तूर असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ती तूर सरकारी लिलावातच विकायची, बाहेर विकली तर जप्त होते. भारताने आयात थांबवली की लिलावाला कोणी येत नाही आणि गाव बसून राहतं. त्याचा मोठा भाऊ शाळामास्तर. निवडणुकीच्या सभेत त्याने उभं राहून विचारलं, "आमची तूर आम्हाला का विकू देत नाही?" त्यानंतर चार-सहा दिवसांतच बिननंबरची गाडी आली आणि भावाला घेऊन गेली. कोणी नेलं, कुठे नेलं, पत्ता नाही. मतदानाच्या दिवसापासून देशभर इंटरनेट बंद झालं. संचारबंदी लागली, रोजच्या खाण्याचं मक्याचं पीठ मिळेना. ती थोडी सैल होताच आई बसने सरहद्दीजवळच्या गावी गेली, कारण तिथे शेजारच्या देशाचं नेटवर्क पकडतं. तिथून तिने फोन केला. म्हणाली, "येऊ नकोस. भावाला नेलं तेच लोक तुझं नाव घेऊन विचारत होते." इकडे त्याचा व्हिसा संपत आला होता. पासपोर्टच नसला तर परत पाठवता येणार नाही, अशी त्याची समजूत होती.

आरोपी रडतात म्हणून मी कधी विश्वास ठेवला नाही. जळगावच्या एका डाळमिल मालकाशी माझी जुनी ओळख होती. त्याला फोन करून त्या देशाबद्दल विचारलं.

"आबा, माझा माल तिथंच अडकलाय," तो म्हणाला. "निवडणुकीवरून दंगल झालीय, बंदर बंद, नेट बंद. तिथला दलाल फोनवर रडत होता. तुम्हाला कुठून कळलं?"

पोराची गोष्ट खरी होती.

पासपोर्ट विक्रीचा संशय मी लेखी निकाली काढला. मुलाला खोट्या तक्रारीबद्दल समज देऊन सोडलं, पासपोर्ट ठाण्यात जमा ठेवला. परत जाण्यात जिवाला धोका आहे, हे अहवालात स्पष्ट लिहिलं. अधीक्षकांनी तो वाचून वर पाठवला. व्हिसाला थोडी मुदतवाढ मिळाली. दिल्लीत निर्वासितांचं काम पाहणारं कार्यालय आहे, तिथे त्याने अर्जही केला. गाडी रुळावर येईल असं वाटू लागलं होतं.

मग एक दिवस तोच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सर, माझा पासपोर्ट द्या. मला जायचंय."

तिकडे इंटरनेट सुरू झालं होतं. भावजयीचा निरोप आला होता. भावाचा ठावठिकाणा नाही. आईने अंथरूण धरलंय. दवाखान्यात औषध नाही. डिझेल नाही म्हणून गावात गाडी येत नाही. घरात भावाची लहान मुलं आहेत.

मी म्हणालो, "अर्जाचं उत्तर येऊ दे. आईनेच तुला येऊ नको म्हटलंय ना?"

"तेव्हा ती चालत होती, सर," तो म्हणाला.

त्याला अडवण्याचा अधिकार मला नव्हता. सही घेऊन पासपोर्ट दिला. खाला आणि हवालदार त्याला दिल्लीच्या गाडीसाठी भुसावळ स्टेशनपर्यंत सोडायला गेले. वाटेत खाला सारखी म्हणत होती, "मी जाळायला पाहिजे होता." हवालदाराने समजूत काढली, "अक्का, कागद नसता तरी हाऊ पोऱ्या गयाच व्हता. माय बोलाई ऱ्हायनी."

पोहोचल्यावर त्याचा खालाला संदेश आला. आई भेटली, ओळखते, थोडं पीठ मिळालं. त्यानंतर त्याचा फोन बंद झाला, तो आजतागायत बंद आहे. मी निवृत्त होण्याआधी वरिष्ठांमार्फत तिथल्या भारतीय दूतावासाकडे लेखी चौकशी केली. उत्तर आलं नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस खोटं का बोलतो हे कळल्याशिवाय तो खोटं बोलतोय हे कळून काही उपयोग नसतो. कळल्यावरही पोलिसाचा हात आपल्या हद्दीपर्यंतच पोहोचतो. जळगावच्या बाजारात तुरीचा भाव हलला की आता मला तो नुसता आकडा वाटत नाही. कुठल्या तरी गावात आज चूल पेटली की नाही, याचा विचार येतो.

खाला बाजारात भेटली की अजून विचारते, "साहेब, पोराचं काही कळलं?" बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांना मी आयुष्यभर सांगत आलो की तपास चालू आहे. बहुतेकदा तो खरोखर चालूही असे, आणि त्या शब्दांवर माणसं रात्र काढत. खालाला मी ते सांगू शकत नाही. या पोराचा तपास कुठेच कोणी करत नाही.