एक जूनची माणसं

माझा वाढदिवस एक जूनला असतो. म्हणजे कागदावर. खरा कधी असतो ते आईलाही नक्की सांगता येत नाही. लावणी उरकली होती आणि गौरी यायच्या होत्या, एवढंच ती सांगते. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेत नाव घालताना गुरुजी पोराला हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगत. हात कानाला पोचला की पोर सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये, वय तेव्हा भरलेलं हवं, म्हणून जन्मतारीख एक जून. माझ्या वर्गातली बहुतेक पोरं अशी एकाच दिवशी जन्मली.

मी विमा कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. कर्जतला राहते, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. जावेला अजून वाटतं मी पॉलिसी विकते. मी काही विकत नाही. लाखो माणसांच्या नोंदी माझ्यासमोर असतात आणि त्यात कुठे काही विसंगत आहे का, ते शोधणारे नियम मी लिहिते. कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी वहीत यादी: नियम कशासाठी, कोणाला लागू, कुठे चुकू शकतो. मग संगणक.

दोन वर्षांपूर्वी मी जो नियम लिहिला त्याचं काम सरळ होतं. एकाच माणसाच्या दोन-तीन पॉलिसी असतात आणि प्रत्येकीवर नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. त्या सगळ्या एका माणसाखाली आणायच्या. नाव, आडनाव, मधल्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारीख आणि पिनकोड जुळला की माणूस एकच. मधलं नाव पूर्ण घेता येत नव्हतं, कारण अर्ध्या फॉर्मवर फक्त अक्षरच असतं.

‘कुठे चुकू शकतो’ ह्याखाली मी लिहिलं होतं: एक जून वगळणे. मीटिंगमध्ये ते वाचूनही दाखवलं.

आमचे साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. ते म्हणाले, “मॅडम, एका गावातले एवढे लोक एकाच दिवशी कसे जन्मतील? असली तारीख दिसली की उलट जास्त संशय घ्यायचा.”

“सर, माझीही तीच तारीख आहे.”

“अरे वा. मग तुमचं खरं वय किती ते सांगाच आता.”

सगळे हसले. मीही हसले. वहीतली ती ओळ मी स्वतःच्या हाताने खोडली. आज राग येतो तो आधी त्या हसण्याचा येतो, साहेबांचा नंतर.

आता माझ्या दोन चुलतभावांबद्दल सांगायला हवं. आजोबा वारले त्या वर्षी दोन्ही काकांना मुलगे झाले, पाच महिन्यांच्या अंतराने. दोघांनीही मुलाला आजोबांचं नाव ठेवलं. माघार कोण घेणार? घरात एक थोरला, दुसरा धाकटा. शाळेत एकाच दिवशी गेले, म्हणजे जन्मतारीखही तीच आणि सालही तेच. काकांची नावं वेगळी, पण पहिलं अक्षर एक. मोठेपणी दोघांना आमच्या कंपनीची, दवाखाना आणि अपघात दोन्हींची पॉलिसी मीच घ्यायला लावली. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही फॉर्म मीच भरले. धाकटा मागच्या वर्षी हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या बायकोला विम्याचं सगळं वेळेवर मिळालं, आणि आपल्या कंपनीचा मला अभिमान वाटला होता.

यंदा श्रावणात एका मंगळवारी सकाळी थोरल्याच्या बायकोचा, वहिनीचा, फोन आला.

“तू कामात हायस का गं? ह्यांना खोपोलीत, शिळफाट्याच्या दवाखान्यात ठेवलंय. पित्ताच्या पिशवीचं. पन हितला मानूस म्हनतो, विम्यात हे मयत दाखवतंय.”

“कोण मयत?”

“हेच. पलंगावर बसून चहा मागतायत.”

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघाले. खोपोलीपर्यंतच्या रस्त्यात मला सगळं उलगडलं. उलगडायला दोन मिनिटं लागली, बाकीचा वेळ मी रिक्षात नुसती बसून होते. दोन पॉलिसी, माझ्या नियमाने माणूस एक, आणि तो माणूस मागच्या वर्षी वारलेला. म्हणजे आता क्लेम करणारा मेलेला आहे.

थोरला पलंगावर होता. हाताला सलाइनची सुई, तोंड पिवळट. मला बघून म्हणाला, “ये बाय. तेराव्याला आलीस का?”

“दादा, गप्प बस.”

“गप्पच हाय. मेलेल्यानं बोलायचं नसतं.”

सर्जन तिथे फक्त गुरुवारी यायचे. पिशवीला सूज होती आणि ह्या गुरुवारी ऑपरेशन झालं नाही तर पुढच्यापर्यंत ती फुटू शकते, असं डॉक्टरांनी वहिनीला स्पष्ट सांगितलं होतं. विम्याची मंजुरी बुधवारी संध्याकाळपर्यंत आली तरच नाव यादीत.

विम्याच्या काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. “तहसीलमधून हयातीचा दाखला आणा. मी अपलोड करतो.”

वहिनी म्हणाली, “खालापुरात जाऊन आलो आमी सकाळी. तिथं म्हनतात मानूस समक्ष लागतो.”

“मग त्यांना घेऊन जा.”

“सुईसकट?”

तो परत स्क्रीनकडे बघू लागला. त्याच्या हातात तरी काय होतं? स्क्रीनवरचा शब्द माझा होता. ‘संशयास्पद: विमाधारक मयत.’ ते वाक्य मी लिहिलं तेव्हा शुद्धलेखनसुद्धा तपासलं होतं.

दवाखान्याच्या जिन्यात बसून मी साहेबांना फोन लावला. नियमात चूक आहे, एकाच नावाची दोन माणसं एक झाली आहेत, एक पेशंट अडकलाय, असं क्रमाने सांगितलं.

“सिस्टीममध्ये तक्रारीचं तिकीट टाका मॅडम. सात दिवसांत रिव्ह्यू होईल.”

“ऑपरेशन परवा आहे.”

“प्रत्येकाचं ऑपरेशन परवाच असतं.”

“सर, तो माझा भाऊ आहे.”

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. “अहो, मग आधी नाही का सांगायचं? क्लेम नंबर पाठवा. आता सोडतो.”

मी नंबर पाठवला. पाठवला नाही असं सांगण्याइतकी मी थोर नाही. दहा मिनिटांत मंजुरी आली. काउंटरवरच्या माणसाने हात जोडले, वहिनी रडली, थोरला म्हणाला, “बघ, वट हाय आपली.”

आणि तिथे माझं डोकं फिरलं. सात दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं होतं. म्हणजे सात दिवस लागत नव्हतेच, ते फक्त घ्यायचे होते.

डोळे पुसून वहिनी बाजूला येऊन बसली. “आमाला तू हायस गं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं पन असंच काय तरी अडकलंय. तिला विचारशील का जरा?”

मी त्या बाईकडे गेले नाही. तिला काय विचारणार होते, तुमची जन्मतारीख काय म्हणून? मी जिन्यात परत बसले, लॅपटॉप उघडला आणि माझ्या नियमाने अडवलेल्या क्लेममधून एक जूनवाले वेगळे काढले. हे मी दोन वर्षांत कधीही करू शकले असते. पाच मिनिटांचं काम. यादी खाली सरकवता सरकवता बोट दुखलं. कर्जत, खालापूर, सुधागड, पुढे नाशिक, धुळे, जिथे जिथे गुरुजींनी कानाला हात लावायला सांगितला असेल ती सगळी गावं. मयत म्हणून थांबलेले, आणि एकाच माणसाने दोनदा क्लेम केला म्हणून थांबलेलेही. शेरे तेच ते: कागदपत्रे सादर केली नाहीत, केस बंद. पेशंटने भरती रद्द केली, केस बंद. कुठली कागदपत्रं सादर करणार होते ते? आपण आपलेच आहोत, दुसरे कोणी नाही, ह्याचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?

नियमाचा मालक म्हणून सिस्टीममध्ये माझं नाव आहे. गंभीर चूक दिसली तर मालकाला नियम थांबवता येतो, कारण लिहावं लागतं. मी थांबवला. कारणात लिहिलं: नियम चुकीचा आहे, चूक मला सुरुवातीपासून माहीत होती. मग ती यादी जोडून साहेबांना, त्यांच्या साहेबांना आणि तक्रारी बघणाऱ्या विभागाला मेल केला.

पाच मिनिटांत फोन. “मॅडम, हे काय केलंत? तुमचं काम झालं होतं ना?”

“माझं झालं होतं.”

“मग? पुढच्या तिमाहीत शिस्तीत बदलला असता. आता तिमाहीत वाचवलेल्या पैशांच्या आकड्यांचं मी काय सांगू वर?”

“सांगा की मेलेली माणसं उठून बसली.”

फोन मी ठेवला. एरवी मी असं बोलत नाही.

गुरुवारी ऑपरेशन झालं. पिशवीत खडे निघाले ते थोरल्याने बाटलीत घालून घरी नेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. त्याच्या दृष्टीने गोष्ट संपली.

मला पुढच्या आठवड्यात लेखी विचारणा आली. तीन प्रश्न होते. नियम थांबवण्याआधी वरिष्ठांची परवानगी घेतली होती का? ह्या निर्णयाचा फायदा कोणा नातेवाइकाला झाला का? चूक माहीत असूनही आधी का कळवली नाही?

पहिल्याला नाही. दुसऱ्याला लिहिलं, नियम थांबवण्याने नाही, त्याआधी साहेबांना केलेल्या एका फोनने झाला. तिसऱ्यापाशी मी दोन संध्याकाळी अडले. मीटिंगमधलं ते बोलणं लिहून काढलं, साहेबांचं वाक्य जसंच्या तसं. मग ते पुसलं, कारण प्रश्न मला होता. शेवटी लिहिलं: कळवली होती, पण सगळे हसल्यावर मीही हसले आणि सोडून दिली. घरातला माणूस अडेपर्यंत मला ती पुन्हा आठवली नाही.

उत्तरासोबत यादी पुन्हा जोडली, ह्या वेळी प्रत्येक बंद केसपुढे ‘पुन्हा उघडावी’ असा शेरा घालून. फाइल सगळ्यांसाठी ठेवलेल्या जागेत आहे. ती कोणी उघडली की तिथे नाव आणि वेळ उमटते. मी रोज सकाळी कामाला बसले की आधी ते बघते. आजपर्यंत तिथे फक्त माझं नाव आहे.