फुगलेली भाकरी

विलायतेत एक उन्हाळा शिकून मी सोलापूरला परतलो आणि वळसंगच्या एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी मावशीवर सगळी विलायत ओतली. मी राणीला चहा पाजला, लंडनचा पूल एकट्यानं उचलला. ती शेंगा फोडत, टरफलं पदराच्या ओट्यात टाकत ऐकत होती.

"तितं जेवाय कोण घालायचं रं?"

"मीच! ट्रंकेतनं जवारीचं पीठ नेलेलं. भाकरी थापली की आवाजानं आगीचा बंब यायचा!"

"थापा ऱ्हाऊ दे. भाकरी फुगली का?"

घरी पाण्याचा तांब्याही न उचललेला मी पहिल्यांदाच खरं बोललो, "शेवटच्या दिवशी. एकच."

"मंग शिकलास की!" म्हणत तिनं सोललेले सगळे दाणे माझ्या हातावर ठेवले.

राणीनंही इतका मान दिला नव्हता. वळसंगला मी छाती फुगवून उतरलो.