चढतंय का उतरतंय

कॉमर्सला गेलं की गणितातून सुटका, या समजुतीनं मी उल्हासनगरच्या कॉलेजात नाव घातलं, आणि पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस पुढ्यात आलं. डेरिव्हेटिव्ह सुरू झालं तेव्हा मी कॉलेजच सोडायच्या विचारात होते.

आमच्या वर्गात नदीकाठच्या चामटोली गावाहून येणारी एक पस्तिशीची बाई होती. सुती साडी, केसात अबोलीचा गजरा. पहिल्या दिवशी आम्ही तिला मॅडम समजून उभे राहिलो, तर ती हसत म्हणाली, "बसा रे, मी पन शिकायलाच आलेय." तिचं नाव कुणी विचारलं नाही. आम्ही वहिनी म्हणायचो, हिंदी बोलणारे आंटी.

सरांनी "समजलं?" विचारलं की आम्ही माना डोलवायचो. वहिनी कोपर बाकावर टेकवून हात वर करायची. "नाय समजलं, सर."

एकदा सर डेरिव्हेटिव्ह म्हणजे 'बदलाचा दर' हे पुन्हा पुन्हा समजावत होते. मागचा एक मुलगा वैतागला, "आंटी, छोडो ना!" तिनं वळूनही पाहिलं नाही. मग एकाएकी तिचा चेहरा उजळला.

"म्हंजे सर, नदीला पूर आला की पानी किती हाय ते आमच्यात कुनी इचारत नाय. चढतंय का उतरतंय, आनि किती जोरात, ते इचारतात. तसंच ना?"

सर खडू हातात धरून हसले. "अगदी तसंच."

त्या दिवशी मला डेरिव्हेटिव्ह कळलं, आणि कॉलेज सोडायचं राहून गेलं.

तास संपल्यावर तो मघाचा मुलगा तिच्या बाकापाशी घुटमळला. हळूच म्हणाला, "आंटी, कल भी पूछना हां. हमको भी नहीं समझता."