एकविसावा अंगठा

त्या दिवशी दुपारी आम्ही नवरा-बायकोनं मिळून गोधडी पिळली. एका टोकाला मी, दुसऱ्याला ती. मी नुसतं धरायचं, पीळ ती घालायची. गल्लीत सायकलची घंटा वाजली तशी तिनं टोक सोडलं आणि दाराआड जाऊन उभी राहिली. बर्फवाला होता.

"गेला का?" तिनं आतून विचारलं.

वर्षभर मी हेच ऐकत होतो. पोस्टमन असो, कुणी असो, "गेला का?" तुम्ही म्हणाल, बाई भित्री. होतीच. पण आमच्या त्या कंपनीत अक्कल असलेलं माणूस तेवढी तीच.

आम्ही वीस जण चादरीचे माग चालवणारे. हिस्से काढून सूत रंगवायची शेड घातली. आमच्यातलाच एक चेअरमन झाला. सात रस्ता चौकातल्या पेंटरकडून 'लिमिटेड' अशी पाटी रंगवून आणली त्यानं. बुडलं तर हिश्श्यापुरतं बुडेल, घराला धक्का नाही, म्हणायचा. मला हाव सुटली. माझा होताच, आणखी एक हिस्सा हिच्या नावानं घेतला. ही म्हणाली, आधी सरकारचा कागद दाखवा.

"कागद येतोय की वैनी," चेअरमन म्हणाला. "तवर पाटी वाचा."

"वाचाय येत न्हाय म्हणून तर कागद मागतीया."

सगळे हसले. मी पण. मीच तिचा हात धरून अंगठा उठवला. गाढव मी.

कागद आला नाही. चेअरमननं अर्जच केला नव्हता. सूतवाल्यानं उधारीपायी कोर्टात ओढलं, तेव्हा आमच्या वकिलानं नावं मोजली. म्हणाला, विसाच्या वर माणसं धंद्यात असली की नोंदणी करावीच लागते. ती नाही तर कंपनी नाही, आणि देणं ज्याच्या त्याच्या घरादारावर. एकविसावी ही. आमच्या कुंभारीच्या वाटेवरच्या दोन खोल्या तिच्या बापानं तिच्याच नावावर केलेल्या.

मागवाले तिच्या तोंडावर म्हणायला लागले, बाई घेतली आन् कंपनी बुडाली. कोर्टाचा बेलीफ घरात येऊन भांडी उचलतो असं कुणी सांगितलं, तर तिनं हंडा एका शेजारणीकडे ठेवला, परात दुसरीकडे. भाकरी थापायला आपलीच परात मागून आणायची, धुऊन परत द्यायची. एकदा मी हसलो. तिनं उठून दाराला कडी घातली.

वकिलानं वाट सांगितली. अंगठा माझा नाही, एवढं हिनं कोर्टात म्हणायचं, खोल्या सुटतात. मी महिनाभर तिच्या मागं लागलो. त्या दुपारी गोधडी दोरीवर टाकतानाही तेच. दुसऱ्या दिवशी तारीख होती.

"अवं, मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "पर अंगठा माजाच हाय. न्हाय कसं म्हणू?"

मी तिला नको ते बोललो आणि बाहेर जाऊन बसलो. दिवे लागायच्या आत ती गेली, चुलीपुढं बसल्या जागी. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

सकाळी मी सुतकातच कोर्टात गेलो. वकील कानाशी लागला, आता तिला विचारायला कोण जातंय, नव्हता म्हणा तिचा. जजसाहेबांनी अंगठ्याचा कागद पुढं केला. खोल्या जाणार हे मला कळत होतं. कठड्याला धरून उभा होतो.

"तिचाच हाय," मी म्हणालो. "हात मी धरला हुता."